मायक्रोअरे नॉर्मल आला म्हणून कॅरिओटाइप टाळू नका

जिंतूरच्या ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगा आठ वर्षांचा, तीन औषधं चालू असूनही फिट्स थांबत नाहीत, एमआरआय नॉर्मल, एक्सोम आणि मायक्रोअरे ह्या डीएनएच्या दोन्ही तपासण्या नॉर्मल. रात्री घाबरून उठतो, दिवसा कधी कधी अर्धा तास हरवल्यासारखा बसतो. हैदराबादच्या डॉक्टरांनी आता कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी, लिहून दिलंय आणि तुमच्या गावातला सेंटरवाला म्हणतो, "आधीची टेस्ट ह्याच्यापेक्षा वरची आहे, कशाला पैसे घालवता?"

करा. खरं तर उत्तर एवढंच आहे. पण सेंटरवाल्याचं ते वाक्य वाचून राहवलं नाही, कारण जवळजवळ तेच वाक्य आम्हाला ऐकवलं होतं आणि ते फार महागात पडलं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. लातूर जिल्ह्यात खताबियाण्याचं दुकान आहे. माझ्या मुलीला रिंग २० आहे, म्हणजे काही पेशींमध्ये २० नंबरच्या गुणसूत्राची दोन टोकं एकमेकांना चिकटून त्याचं कडं झालंय. तुमच्या मुलाला तेच असेल असं मी म्हणत नाही, फिट्सची कारणं शेकड्यांनी असतात. पण तुम्ही लिहिलेलं वर्णन वाचून अंगावर काटा आला. आमची पण रात्री दचकून उठायची, डोळे विस्फारलेले, भिंतीकडे बोट. आत्या विचारायची, "लेकरू असं का बघूलालंय?" त्यानंतर काय काय उपाय झाले ते सोडून देतो, तुम्हाला अंदाज असेलच. दिसायला मुलगी अगदी चारचौघींसारखी. रिंग २० मध्ये बहुतेकदा असंच असतं, चेहऱ्यावरून काही कळत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर कॅरिओटाइप लिहिलं होतं आणि खाली रेघ ओढून "१०० पेशी मोजणे" असंही. कलेक्शन सेंटरचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी बघितली, स्क्रीनवरची यादी खालीवर केली आणि म्हणाला, "काका, हे जुनं झालं. आता सगळे मायक्रोअरे करतात. बारीकातलं बारीक सापडतं त्यात." डॉक्टरांना फोन लावू का म्हटलं, तर "मी बोलतो ना त्यांच्याशी." बोलला नाही. कितीतरी पट महागाची पावती फाडली, जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं. रिपोर्ट आला, नॉर्मल.

तोवर ज्यांनी चिठ्ठी लिहिली होती ते डॉक्टर बदलून गेले होते. नव्यांनी रिपोर्ट बघितला आणि केसपेपरवर लिहिलं, "गुणसूत्रे नॉर्मल". ती दोन शब्दांची ओळ पुढच्या प्रत्येक केसपेपरवर उतरत गेली. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात गेलो, पुण्याला गेलो, प्रत्येकानं जुनी फाइल चाळली, ती ओळ वाचली आणि गुणसूत्रांचा विषय तिथंच संपला. मधल्या काळात औषधं बदलत राहिली, मुलगी शाळेत मागं पडत गेली, एका ठिकाणी तर मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तपासण्या करू म्हणाले. रिंग २० मध्ये कापून काढता येईल अशी एक जागा मेंदूत नसते, हे नंतर कळलं.

सगळ्यात राग कशाचा येतो, तर रिपोर्ट चुकीचा नव्हताच! शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं होतं की संतुलित बदल (साहित्य न घटता-वाढता झालेले) आणि कमी प्रमाणातलं मोझाइक (थोड्याच पेशींत असलेला बदल) या तपासणीत दिसत नाही. तक्रार करायला गेलो तर सेंटरनं तेच पान पुढं केलं. कमिशनसाठी केलं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण डॉक्टरांनी लिहिलेली तपासणी काउंटरवर बदलायचा अधिकार ह्यांना दिला कुणी?

मायक्रोअरे डीएनए किती आहे ते मोजतो. कुठे तुकडा कमी, कुठे जास्त, ते त्याला छान कळतं. आकार कळत नाही. सराफाच्या काट्यावर साखळी मोकळी ठेवा नाहीतर कडी अडकवून ठेवा, वजन तेवढंच भरतं. मोझाइक रिंग २० मध्ये टोकं नुसती जुळलेली असतात, साहित्य काही हरवलेलं नसतं, त्यामुळे मायक्रोअरे नॉर्मल येणारच. एक्सोम अक्षरं वाचतो, त्यालाही वाटोळं की सरळ ते कळत नाही. आकार बघायचा तर गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनीच बघावी लागतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे १९५६ साली असंच बघून, मोजून ठरलं. पद्धत जुनी आहे हे खरं, पण ह्या कामाला दुसरी चालत नाही.

बघायची तर पेशी विभागत असतानाच, एरवी गुणसूत्रं अशी सुटी सुटी दिसतच नाहीत. म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण ७२ तास वाढवतात आणि नेमक्या विभागणीच्या मधोमध थांबवतात. म्हणजे लॅबमध्ये पोचणाऱ्या पेशी जिवंत असायला हव्यात. इथंच आपल्याकडे घोळ होतो. हिरव्या झाकणाची नळी लागते, सोडियम हेपारिनची (रक्त साकळू न देणारं द्रव्य). जांभळी ईडीटीएची असते, ती डीएनएच्या तपासण्यांना ठीक, ह्याला नाही. रक्त फ्रीझरमध्ये गोठवायचं नाही, बर्फाला टेकवून ठेवायचं नाही, आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला कुरिअरच्या गाडीत शिजूही द्यायचं नाही. शनिवारी तर देऊच नका, रविवारभर पडून राहतं. माझं स्पष्ट मत आहे की कुरिअरच्या भानगडीत न पडता लेकराला घेऊन जिथं कल्चर होतं, म्हणजे पेशी वाढवतात, त्या लॅबमध्येच जावं. तुम्हाला परभणीहून देवगिरी एक्सप्रेस आहे, हैदराबादच्या डॉक्टरांकडे असंही जावंच लागणार. तिथंच रक्त द्या.

दुसरी गोष्ट पेशींच्या संख्येची. नेहमीच्या कॅरिओटाइपमध्ये २० पेशी बघतात. समजा १०० पैकी ५ पेशींतच रिंग आहे, तर २० पेशी बघून एकही रिंग न दिसण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त निघते. १०० बघितल्या तर ती शेकडा एकाच्याही खाली येते. बारावीचं गणित आहे, करून बघा. म्हणून चिठ्ठीवर "१०० पेशी" आणि "रिंग २० ची शंका" हे दोन्ही डॉक्टरांच्या हातानं लिहून घ्या, पावतीवर आलंय का बघा, मगच पैसे भरा.

आमच्या मुलीचं निदान शेवटी अशाच कॅरिओटाइपमधून झालं. लॅबमधल्या बाईंनी फोटो दाखवला. निळसर-जांभळ्या पट्ट्यापट्ट्यांची गुणसूत्रं जोडीजोडीनं मांडलेली, २० व्या जागी एक सरळ आणि शेजारी एक वाटोळं, मध्ये बारीक पोकळी. एका पेशीत तर ते कडं दुप्पट मोठं होतं. विचारलं तर म्हणाल्या, पेशी विभागायच्या आधी गुणसूत्राची नक्कल होते. त्या दोन नकलांमध्ये मध्येच अदलाबदल झाली, तर सरळ गुणसूत्राला काही फरक पडत नाही, पण कड्याचं एकच मोठं कडं होऊन बसतं. त्याला धरून ओढायच्या जागा दोन. पेशीची दोन टोकं त्याला दोन्हीकडून ओढतात, मग ते तुटतं, कुठंतरी वेडंवाकडं जोडलं जातं, नाहीतर हरवतं. १९३० च्या दशकात बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात रिंग गुणसूत्रांचा हाच खेळ बघितला होता म्हणे. म्हणून रिपोर्टात दोन-तीन प्रकारच्या पेशी लिहून आल्या तर घाबरू नका. दोन वेळच्या रिपोर्टात रिंगवाल्या पेशींचे टक्के थोडे इकडंतिकडं झाले तरी आजार वाढला असं समजू नका, आणि रक्तातला टक्का म्हणजे मेंदूतला टक्का नाही.

निदान झाल्यावर फिट्स बंद झाल्या का? नाही. रिंग सरळ करायचं औषध नाही. पण नव्या नव्या तपासण्यांमागं पळणं थांबलं, शस्त्रक्रियेचा विषय संपला, आणि ते "हरवल्यासारखं बसणं" हीसुद्धा लांबलेली फिटच आहे हे कळलं. आधी शाळेत त्यासाठी तिला ओरडा बसायचा. तुमचा मुलगा तसा बसला की मोबाइलवर व्हिडिओ काढा, वेळ दिसू द्या. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. औषध मात्र ह्यातलं काही वाचून स्वतः कमी-जास्त करू नका, बंद तर अजिबात नको.

विषयाला सोडून एक. आमचं लग्न मामाच्या मुलीशी झालेलं, आपल्याकडे घरोघरी असतं. त्यावरून बायकोला फार ऐकावं लागलं, एका डॉक्टरनेही सुनावलं. नात्यातल्या लग्नानं काही आजारांचा धोका वाढतो हे खरंय, पण ते वेगळे. मोझाइक रिंग २० गर्भ राहिल्यानंतर पेशी विभागताना तयार होतो, आईबापाच्या नात्याचा त्यात काही संबंध नाही. तुमच्याकडेही कुणी तसलं बोलत असेल तर हे दाखवा. धाकट्या भावंडांबद्दल मात्र जेनेटिक्सच्या डॉक्टरांनाच विचारा, तुमचा रिपोर्ट काय येतो त्यावर ते अवलंबून आहे.

रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात. आला की "नॉर्मल" शब्दावर थांबू नका. किती पेशी मोजल्या ती ओळ शोधा आणि मुलाचं नाव झाकून इथं टाका.