सोसायटीच्या एसटीपीमधून (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून) रोज निघणाऱ्या 5,000 लिटर पाण्यातले औषधांचे अंश जलपर्णी सोडून निघतील का?

टाकीत जलपर्णी, म्हणजे पानवेली, सोडू नका. नाशिकच्या सोसायट्यांत हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, 'गोदावरीत फुकट मिळते की!' मिळते, पण वेळेवर उपसली नाही तर तिथंच कुजते, आणि मुळांनी धरून ठेवलेलं बरंचसं परत पाण्यात येतं.

तुमचं पाणी रोजचं 5,000 लिटर. त्याला खडीचा वाफा करा, त्यात कर्दळ लावा. पाणी तीन दिवस आत थांबायला हवं, म्हणजे 15,000 लिटर. 10 ते 20 मिमी खडीत पोकळी साधारण 40 टक्के, पाण्याची खोली 60 सेंमी. हिशेबाने 62.5 चौरस मीटर जागा लागते. वरची 10 सेंमी खडी कोरडी ठेवा, डास होत नाहीत. पाणी शिरतं तिथं 40 ते 80 मिमी गोटे भरा. चौरस मीटरला चार कंद पुरे.

वाफा बिघडतो तो खडीमुळे. क्रशरवरची खडी न धुता ओतली की कच तळाला बसते, पोकळी बुजते, पाणी वर येऊन कडेकडेने पळतं. कर्दळ मात्र हिरवीगार दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पाणी खरंच किती वेळ थांबतं ते तपासायला पाच किलो मीठ 200 लिटरच्या ड्रममध्ये विरघळवून पाणी शिरतं त्या टोकाला सोडा आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) दर दोन तासांनी बघा. पाच-सहा तासांतच आकडा चढला, तर तीन दिवसांचा हिशेब कागदावरच राहिला. खडी उपसा, धुवा, परत भरा.

'झाडं पाणी पितात, औषध संपतं' हे मला मुळीच मान्य नाही. निम्म्याहून जास्त काम खडीवरच्या आणि मुळांवरच्या जिवाणूंच्या बुळबुळीत थराचं असतं. मुळं त्याला जागा देतात, थोडा प्राणवायू देतात. पॅरासिटामॉल, कॅफिन बऱ्यापैकी जातात. आयबुप्रोफेन (वेदनाशामक) जायला प्राणवायू लागतो, म्हणून जमलं तर पाणी वरून थांबून थांबून सोडा. कार्बामाझेपिन (फिट्सवरचं औषध) मात्र चिवट: जिवाणू त्याला फारसे हात लावत नाहीत, झाड शोषतं ते पानांत साठतं. म्हणून छाटलेली पानं खतात किंवा गुरांपुढे टाकू नका.

आणि हो, हे पाणी बागेसाठी. पिण्यासाठी हा वाफा पुरेसा नाही. कार्बामाझेपिनसारखं काही काढायचंच असेल तर पुढे सक्रिय कोळशाची टाकी लागेल, आणि तो कोळसा वेळच्या वेळी बदलावा लागेल.