कंपनीनं कामावर परत बोलावलं, तर बेकायदा काढल्याचा दावा संपतो का?

संपत नाही. आणि कामावर मात्र नक्की जा, उद्याच जा.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: चाकणच्या कारखान्यात सहा वर्षं ऑपरेटर. पाच महिन्यांपूर्वी गेटवर तोंडी सांगितलं, ‘उद्यापासून येऊ नका.’ नोटीस नाही, चौकशी नाही, हिशेब नाही. तुम्ही कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज केला, तिथल्या समेट अधिकाऱ्यांसमोर, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर, दोन तारखा झाल्या आणि आता कंपनीचं पत्र आलंय की ‘त्वरित कामावर हजर व्हावे’. एचआर म्हणतो, आता वाद उरलाच कुठे, केस मागे घेतल्याचं लिहून द्या. तुम्हाला भीती ही की गेलो तर पाच महिन्यांचा पगार बुडेल, आणि नाही गेलो तर नोकरी बुडेल.

मी बरीच वर्षं कामगार संघटनेत असल्या तारखांना कामगारांबरोबर उभा राहतो. हे पत्र दुसऱ्या-तिसऱ्या तारखेलाच का येतं ते आधी सांगतो. वर्षभर सलग नोकरी झालेल्या, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत किमान 240 दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 25-एफ होतं ते हेच; त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही ही अट आहे. तुमच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं नाही. कंपनीच्या वकिलाला दिसतं की हे काढून टाकणं कोर्टात टिकणार नाही आणि दर महिन्याला मागील पगाराचा, म्हणजे कामाबाहेर ठेवलेल्या काळाच्या पगाराचा, आकडा फुगतोय. तो वाढता आकडा थांबवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे परत बोलावणं. त्यामुळे पत्र आलं याचा अर्थ तुमची बाजू भक्कम आहे. घाबरून सही करायची ही वेळ नव्हे.

न जाण्याचा धोका मात्र खरा आहे. जुन्याच पदावर, जुन्याच पगारावर बोलावलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर त्या तारखेनंतरच्या काळाचा पगार कोर्ट नाकारू शकतं. शिवाय कंपनीला म्हणायला जागा मिळते की यानेच काम सोडलं. आणखी एक गोष्ट कामगार सहसा धरत नाहीत: शेवटी कोर्ट नोकरी परत देईलच असं नाही. गेल्या काही वर्षांत, विशेषतः रोजंदारीवरच्या लोकांच्या प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयाने पुनर्स्थापनेऐवजी एकरकमी भरपाई देण्याचं धोरण बऱ्याच निकालांत स्वीकारलंय. हातात येणारी नोकरी सोडू नका.

आता ते पत्र पुन्हा एकदा काढून नीट वाचा. मला खात्री आहे की त्यात कुठेतरी ‘आपण दि. अमुकपासून विनापरवानगी गैरहजर आहात’ असं वाक्य असेल. सगळा डाव त्या वाक्यात असतो. ‘काढलेल्याला परत घेतलं’ असं ते पत्र म्हणत नाही, ‘पळालेल्याला बोलावलं’ असं म्हणतं. तुम्ही काही न बोलता जाऊन मस्टरवर सही केलीत, की पाच महिने ही तुमची गैरहजेरी ठरवायला त्यांना आधार मिळतो. मग पगार तर नाहीच, उलट गैरहजेरीची चार्जशीटसुद्धा येऊ शकते.

म्हणून जाताना स्वतःचं पत्र घेऊन जा. साध्या मराठीत, एवढंच:

‘आपल्या दि. … च्या पत्रानुसार मी आज कामावर हजर झालो आहे. मी गैरहजर नव्हतो, आपण दि. … रोजी मला तोंडी कामावरून कमी केले व गेटवर अडवले. ती कारवाई बेकायदेशीर होती ही माझी भूमिका कायम आहे. कामाबाहेर ठेवलेल्या काळाचे पूर्ण वेतन, सेवेचे सातत्य व इतर सर्व लाभ यांवरील माझा हक्क राखून मी हजर होत आहे. समेट अधिकाऱ्यांसमोरील प्रकरण मी मागे घेतलेले नाही.’

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तिथेच वाद घालू नका, बाहेर येऊन तेच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा आणि एक प्रत समेट अधिकाऱ्यांकडे त्याच दिवशी आवक करा. आणि असंही होतं की बोलावणारं पत्र हातात असताना सिक्युरिटीवाला म्हणतो, ‘नाव यादीत नाही.’ तसं झालं तर गेटसमोर फोटो काढा, तिथूनच एचआरला मेसेज टाका की सकाळी अमुक वाजता हजर झालो, आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ‘आम्ही बोलावलं, तोच आला नाही’ हे वाक्य कंपनीच्या लेखी जबाबात हमखास येतं, आणि त्याला तोडीस तोड उत्तर म्हणजे तो मेसेज.

आत गेल्यावर टेबलावर काही कागद पुढे येतील. त्यात ‘नवीन नियुक्तीपत्र’ असेल तर हात आखडा. लोकांना वाटतं, पगार तोच, मशीन तेच, मग तारखेनं काय फरक पडतो? फरक प्रचंड पडतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर, सगळ्या वर्षांची मोजली जाते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000 रुपये धरले, तर 15 दिवसांच्या हिशेबानं, म्हणजे 26 ने भागून, वर्षाला जवळपास 10,385 रुपये होतात. दहा वर्षांनी पगार दुप्पट झाला, तर ही जुनी सहा वर्षंही दुप्पट दरानं मोजली जायला हवीत. नवीन नियुक्ती स्वीकारलीत तर ती आजच्या दरावरच थिजतील. आणि कामगार कपात आली तर नियम असा की त्या प्रकारच्या कामात शेवटी लागलेला आधी जातो. सहा वर्षांचा जुना माणूस नव्या तारखेनं यादीच्या तळाशी जातो आणि पुढच्या कपातीत त्याचं नाव पहिलं असतं. कायदेशीर, नोटीस देऊन! मला या एका कागदाचा जेवढा राग येतो तेवढा तोंडी काढण्याचाही येत नाही, कारण तोंडी काढणं कोर्टात मोडून काढता येतं, स्वतःच्या सहीचा कागद मोडणं फार जड जातं.

मागील पगाराबद्दल. तो आपोआप मिळत नाही, पण बेकायदा काढलं असेल तर मिळणं हाच सर्वसाधारण नियम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालयाच्या खटल्यात स्पष्ट केलं. प्रकरण आपल्याच औरंगाबाद खंडपीठातून गेलेलं: शाळा न्यायाधिकरणानं शिक्षिकेला पूर्ण मागील पगार दिला होता, उच्च न्यायालयाने तो काढून घेतला, सर्वोच्च न्यायालयाने परत दिला. कामगारानं शपथेवर सांगायचं की मी या काळात दुसरीकडे नोकरीला नव्हतो; होता हे दाखवायची जबाबदारी मग मालकाची. तुम्ही या पाच महिन्यांत घर चालवायला किरकोळ काही केलं असेल तर ते लपवू नका. 1984 च्या एका निकालात काढलेला माणूस सासऱ्यांच्या कोळशाच्या वखारीत मदत करत होता, आणि कोर्टानं त्याला दुसरी नोकरी मानलं नाही. खोटं बोललात तर मात्र सगळी केस डळमळते.

तडजोड करायला माझी हरकत नाही. पाच महिन्यांपैकी तीन महिन्यांचा पगार आणि पूर्ण सेवासातत्य, म्हणजे जुन्या तारखेपासूनची सलग नोकरी, मिळत असेल, तर कोर्टात वर्षानुवर्षं घालवण्यापेक्षा मी ते घ्या म्हणेन. पैशात थोडं सोडा, सातत्यात एक दिवसही सोडू नका. आणि करार एचआरच्या केबिनमध्ये करू नका, समेट अधिकाऱ्यांसमोर त्यांच्या सहीनं करा. अशा करारातले पैसे कंपनीनं थकवले तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येतात.

रुजू झाल्यावर लगेच निलंबन किंवा दूरची बदली आली तर खचू नका. चौकशी लावायचा अधिकार कंपनीला आहे, पण निलंबनात पहिले 90 दिवस अर्धा पगार आणि तुमच्यामुळे लांबत नसेल तर त्यानंतर 75 टक्के द्यावाच लागतो. बदलीचा आदेश हातात पडताच लेखी हरकत घ्या आणि तो चालू प्रकरणात दाखल करा.

मुदतीचंही बघा. जुन्या कायद्यात थेट कामगार न्यायालयात जायला काढल्यापासून तीन वर्षं होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाद समेटासमोर न्यायची मुदत दोन वर्षांवर आली आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार, म्हणजे आपण ‘यूएलपी टाकणं’ म्हणतो ती, 90 दिवसांतच करावी लागते. पाच महिने झाल्यानं तो रस्ता उशीर माफ करून घेतल्याशिवाय खुला नाही. तुमचा समेटातला अर्ज आधीच आहे, तोच जिवंत ठेवा आणि पुढची तारीख चुकवू नका. कामावर घेतलंय म्हणून तारखेला नाही गेलात तर फाईल बंद होईल.

पहिला पगार झाला की पगारपत्रकावरची रुजू तारीख तपासा, सहा वर्षांपूर्वीचीच हवी. आणि पीएफचं पासबुक उघडून बघा: जुन्या मेंबर आयडीवर नोकरी सोडल्याची तारीख टाकून नवीन आयडी काढला असेल, तर त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्या.