मामीला विचारलंय का?

“घरचा मामा असताना पोरीला बोर्डिंगमध्ये कशाला टाकायची?” इंग्लंडमधल्या खासगी शाळेत मूल पाठवणारे पालक सल्ल्याला आले, की मला हे हमखास विचारतात. (ओळख पटू नये म्हणून या घरातले तपशील बदललेत.)

या आईनं आल्या आल्या वही उघडली. एकीकडे बोर्डिंगची फी, दुसरीकडे घरून जाऊन-येऊन शिकायच्या डे स्कूलची, खाली लाल शाईत वजाबाकी. जानेवारी २०२५ पासून तिथल्या खासगी शाळांच्या फीवर लागणारा २० टक्के व्हॅटसुद्धा धरलेला.

“मामा सख्खा?” मी विचारलं.

“मावसभाऊ माझा. पण सख्ख्याहून सख्खा!”

घोडं इथंच पेंड खातं. आपल्याकडे आईचा मावसभाऊ मामाच. ब्रिटिश कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे आजी-आजोबा, भावंडं, आईवडिलांची भावंडं आणि त्यांचे नवरे-बायका, सावत्र आईवडील. संपली यादी. सोळा वर्षांखालचं मूल याबाहेरच्या कुणाकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर ते ‘प्रायव्हेट फॉस्टरिंग’. सहा आठवडे आधी तिथल्या कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, कळवायचं. मग सोशल वर्कर घरी येऊन खोली बघतो, मुलाशी एकट्याशी बोलतो. व्हिसाच्या कागदांतही हे दाखवावं लागतं.

“म्हणजे माझ्या भावाची चौकशी?” आई दुखावली. मला मात्र, खरं सांगायचं तर, त्यात काही गैर वाटत नाही.

मुलगी नववीतली. इतका वेळ जॅकेटची चेन वरखाली करत बसलेली. हळूच म्हणाली, “मामीला विचारलंय का कुणी?”

नव्हतं. शनिवार होता, तिकडे सकाळ. बसल्या जागेवरूनच फोन लावला. मामी आधी “पाठवा की ताई” म्हणाली. मग जरा थांबून, “पण आम्ही दोघंही सातला बाहेर पडतो. रोज तिला सोडणं-आणणं कसं जमायचं? शनिवार-रविवार खुशाल येऊ दे.”

मग वीकली बोर्डिंगवर आलो: सोमवार ते शुक्रवार शाळेत, सुटीचे दोन दिवस मामाकडे. हाफ-टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुटीत, बऱ्याच शाळांची वसतिगृहं बंद होतात, तो आठवडाही तिथेच. शाळेला इंग्लंडमध्ये राहणारा गार्डियन हवा होता. मामाचं नाव चाललं. फी डे स्कूलपेक्षा जास्तच, ते आईला सोसेना. वजाबाकी पुन्हा मांडून झाली.

उठताना आई म्हणाली, “शुक्रवारी तिला आणायला कोण जाणार, ते आज रात्री मामीलाच विचारते.”