पाचशे सीडी, एक अँप्लिफायर आणि योग्य प्लेअर

प्रश्न : माझ्याकडे जवळपास पाचशे सीडी आहेत. अँप्लिफायर जुना आहे पण उत्तम चालतो, स्पीकरही चांगले आहेत. सीडी प्लेअर मात्र आता अडखळू लागला आहे. सगळा संग्रह एका यंत्रात भरून हाय-फायवर ऐकावा असं मनात आहे. आत डिस्क असलेला म्युझिक सर्व्हर घेऊ, नेटवर्क स्ट्रीमर (डिस्कवरची किंवा इंटरनेटवरची गाणी अँप्लिफायरकडे पाठवणारं यंत्र) घेऊ, की घरातला जुना लॅपटॉपच जोडू? माझ्याशिवाय आईही गाणी ऐकते. तिला फोनवरच्या अ‍ॅपची सवय नाही.

उत्तर : आईबद्दलचं तुमचं शेवटचं वाक्य या निवडीत फार महत्त्वाचं आहे, त्याकडे येतोच. आधी माझं ठाम मत सांगतो. संग्रह आणि वाजवणारं यंत्र एकमेकांत अडकवू नका. वाजवणारी यंत्रं लवकर जुनी होतात, कंपनी अपडेट देणं थांबवते, अ‍ॅप नव्या फोनवर चालेनासं होतं. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हे नेटवर्क प्लेअर 2012 मध्ये बंद केले. त्यांना गाणी पुरवणारा सर्व्हर प्रोग्राम ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही पाहता-बदलता येणारा होता, म्हणून तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने आजही चालू आहे आणि लोक ते जुने प्लेअर अजून वापरतात. ज्या पेटीतून फाइली सरळ कॉपी करून बाहेर काढता येत नाहीत, ती पेटी कितीही गोड वाजली तरी घेऊ नका. विकत घेण्याआधी हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा.

फाइली फ्लॅक या प्रकारात करा. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक 16 बिटचा, आणि फ्लॅक त्यातला एकही बिट न गमावता आकार साधारण निम्म्यावर आणतो. तासाभराची सीडी तीन-साडेतीनशे एमबीत बसते. म्हणजे तुमच्या पाचशे सीडी दोनशे जीबीच्या आतबाहेर. 1 टीबीची एसएसडी घेतली की पुढची खरेदीही सामावेल. वेव्ह फाइलीही तितक्याच शुद्ध असतात, पण त्यांच्यात गायकाचं, अल्बमचं नाव नीट टिकत नाही. एमपी3 करू नका. फ्लॅकवरून एमपी3 कधीही करता येईल, उलटं होत नाही.

खरी मेहनत रिपिंगमध्ये, म्हणजे सीडीवरची गाणी फाइलींत उतरवण्यात आहे आणि ती एकदाच करायची असल्याने तिथे घाई नको. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी वापरा. दोन्ही अ‍ॅक्युरेटरिपशी जुळवून पाहतात, म्हणजे त्याच सीडीच्या इतरांनी केलेल्या प्रतींशी तुमची प्रत बिट न बिट जुळते का ते सांगतात. न जुळणारी सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नव्हे. गोल पुसताना पडलेला ओरखडा ट्रॅकच्या दिशेने लांबत जातो आणि ड्राइव्हला तो सावरता येत नाही. चकचकीत बाजूवरच्या ओरखड्यांना फार घाबरू नका, तिथे मिलिमीटरभर जाडीचं प्लास्टिक आहे. छापील बाजू जपा. धातूचा थर तिच्या अगदी खाली असतो, तो खरवडला की तेवढं गाणं गेलं.

नावं मात्र स्वतः तपासा. इंटरनेटवरून आपोआप येणाऱ्या माहितीत एकाच गायिकेचं नाव तीन स्पेलिंगांनी येतं आणि प्लेअरच्या यादीत तीन गायिका उभ्या राहतात. शास्त्रीय गायनाच्या सीडी असतील तर ट्रॅकच्या नावात राग पहिला लिहा, ‘यमन – बडा ख्याल’ असा. फ्लॅकमध्ये रागासाठी वेगळा रकाना करता येतो, पण तो दाखवणारे प्लेअर फार थोडे.

आता यंत्र. लॅपटॉप रिपिंगसाठी ठेवा. रोज ऐकायला तो नको. पंख्याची घरघर असते, मध्येच सूचनेचा टिंग स्पीकरमधून वाजतो, आणि खास सेटिंग केलं नाही तर विंडोज आवाज स्वतःच्या मिक्सरमधून फिरवून पाठवतं. तुमच्यासाठी मी यूएसबी पोर्ट असलेला नेटवर्क स्ट्रीमर सुचवेन. एसएसडी त्याला मागून जोडायची. वेगळा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली सामायिक डिस्क) आत्ता लागत नाही. दोन-तीन खोल्यांत ऐकायचं झालं तर तेव्हा बघू.

आईसाठी स्ट्रीमरला वाचता येईल असा पडदा, हातातला रिमोट आणि ठरावीक अल्बम लावायची प्रीसेट बटणं हवीत. यावर तडजोड करू नका, भले त्यापायी डॅक (फाइलीतले आकडे आवाजाच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) एक पायरी खालचा मिळो. आजचे साधे डॅकही खूप चांगले आहेत. दुकानातच देवनागरी नावं असलेली एक फाइल लावून बघा. काही पडद्यांवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात.

दुकानात पेन ड्राइव्हवर अशी मैफलही न्या जिच्यात आलाप एका ट्रॅकवर संपतो आणि जोड दुसऱ्यावर सुरू होतो. त्या सांध्यावर कान ठेवा. अर्ध्या सेकंदाची शांतता आली तर तो प्लेअर गॅपलेस नाही, आणि ती फट तुम्हाला रोज टोचेल. मग गाणं चालू असताना फोन बंद करा. काही यंत्रांत पुढच्या गाण्यांची रांग फोनच्या अ‍ॅपमध्येच असते. फोन घेऊन तुम्ही घराबाहेर पडलात की चालू गाणं संपतं आणि आईसमोरचे स्पीकर गप्प होतात.

बॅकअपची दुसरी प्रत साध्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न मिळता कपाटात पडली तर तिच्यातला डेटा झिजू शकतो, म्हणून कपाटासाठी हार्ड डिस्कच बरी. सीडी विकू नका.

प्रश्न : माझ्या अँप्लिफायरवर फोनो, ट्यूनर, टेप आणि ऑक्स अशी चारच इनपुट आहेत. स्ट्रीमर कुठे जोडू?

उत्तर : ऑक्सला, किंवा ट्यूनर वा टेप-इनला. तिघांत फरक नाही. फोनोला अजिबात नाही. ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असतं आणि त्यात खर्ज उचलून तार सप्तक दाबणारी आरआयएए सुधारणा असते. स्ट्रीमर 2 व्होल्टच्या आसपास देतो, त्यामुळे आवाज फाटेल आणि स्पीकरवरही ताण येईल. स्ट्रीमरमध्ये ‘फिक्स्ड आउटपुट’ (स्ट्रीमरकडून आवाजाची पातळी कायम ठेवणारं सेटिंग) असेल तर ते निवडा आणि आवाज अँप्लिफायरच्या बटणानेच कमी-जास्त करा. पहिल्यांदा लावताना बटण शून्यावर असू द्या.

प्रश्न : 24 बिट, 192 किलोहर्ट्झच्या फाइली घ्याव्यात का?

उत्तर : केवळ आकड्यासाठी नको. सीडीच्या 44.1 किलोहर्ट्झमध्ये 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण मावतो, आणि माणसाचा कान तरुणपणीही 20 च्या पुढे क्वचितच जातो. एखाद्या अल्बमची हाय-रेझ (अशा मोठ्या आकड्यांची) आवृत्ती नव्याने, काळजीपूर्वक मास्टर केलेली, म्हणजे तिच्या आवाजावर शेवटचा हात फिरवलेला असेल तर ती जरूर घ्या. तिथे फरक मास्टरिंगचा ऐकू येतो. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा लावून ऐका, कारण किंचित मोठा वाजणारा ट्रॅक कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो.