धाप लागल्यावरचा नेम

प्रिय लेकी,

तुझे पत्र दोनदा वाचले. लेझर-रनमध्ये, म्हणजे धावणे आणि लेझर पिस्तुलाची नेमबाजी आलटून-पालटून करायच्या आपल्या खेळात, सहाशे मीटरची तुझी वेळ गेल्या वर्षीपेक्षा सुधारली, सकाळी नेमबाजीच्या रेंजवर पाचही दिवे (एका अचूक शॉटला एक) झटपट हिरवे होतात आणि तरीही स्पर्धेत दुसऱ्या नेमबाजीपाशीच तू मागे पडतेस. म्हणून पिस्तुलाची मूठ बदलावी, की हा खेळ सोडून सरळ ॲथलेटिक्सकडे वळावे, असे तू विचारले आहेस. यांतले काहीही करू नकोस. मूठ ठीक आहे, तुझ्या तळहाताप्रमाणे ती मी स्वतः घासून दिली आहे. चूक तुझ्या वेळापत्रकात आहे आणि ती तूच दुसऱ्या पानावर लिहून पाठवली आहेस: सकाळी साडेसहाला रेंज, संध्याकाळी ट्रॅक.

धाप लागलेली नसताना साधलेला नेम आपल्या खेळात नेमच नव्हे. हे मी तुला पहिल्या महिन्यात सांगितले होते, आणि तू मान डोलावली होतीस.

दहा मीटरवरचे ते 59.5 मिलिमीटरचे लक्ष्य, म्हणजे जेमतेम लहान वाटीच्या तोंडाएवढे वर्तुळ, ताज्या शरीराला अवघड नाही. पण सहाशे मीटर जीव तोडून धावल्यावर छाती भात्यासारखी हलते, तिच्याबरोबर खांदा हलतो आणि खांद्याबरोबर पिस्तुलाचे पुढचे साइट, म्हणजे नेम धरायची खूण, लक्ष्यावरून वर-खाली जात राहते. ते स्थिर होईल म्हणून तू वाट पाहतेस, कारण सकाळच्या रेंजवर ते स्थिर होत असते. इथे ते होणार नाही. ते ज्या लयीत हलते ती लय ओळखून, अर्धा श्वास सोडल्यावर येणाऱ्या लहानशा विसाव्यात ट्रिगर दाबायचा असतो, आणि ती लय केवळ धापेतच शिकता येते. श्वास फार वेळ कोंडून धरलास, तर हृदयाचा ठोका मनगटात जाणवू लागतो आणि तो क्षण निघून जातो.

मी हे फार उशिरा शिकलो. आमच्या वेळी आठशे मीटरच्या चार फेऱ्या असत. एका निवड स्पर्धेत शेवटच्या नेमबाजीला मी सर्वांच्या आधी टेबलाशी पोहोचलो. तीन दिवे लागले, चौथा लागेना. मी घाईने दुसरा शॉट मारला, मग तिसरा. तळहात घामाने इतका ओला झाला होता की मूठ हातात फिरत होती. शेजारच्या टेबलांवरून एकेक जण निघून गेला आणि मी मात्र पन्नास सेकंदांची मुदत संपेपर्यंत तिथेच उभा होतो. त्या वर्षी मीही सकाळी रेंज आणि संध्याकाळी ट्रॅक असाच सराव करत होतो आणि मला कोणी अडवले नाही. म्हणून मी तुला अडवतो.

माझ्या पद्धतीने तंत्र बिघडते, असे नेमबाजीचे जाणकार मला आजही सांगतात. त्यांचे म्हणणे त्यांच्या खेळापुरते खरे आहे. ज्या खेळाडूला शांत उभे राहून नेम साधायचा आहे त्याने शांत उभे राहूनच शिकावे. तुला तसे उभे राहायला कधीच मिळणार नाही. नवशिक्या मुलांना मीही आधी सहा महिने टेबलापाशी स्थिरच उभे करतो, हे तू पाहिले आहेस; पण तुझे ते दिवस संपले.

बायथलॉनचेच बघ, म्हणजे स्कीइंग आणि रायफलच्या नेमबाजीच्या खेळाचे. 1960 साली स्क्वॉ व्हॅलीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो खेळ प्रथमच आला, तेव्हा नुसत्या स्कीइंगच्या वेळेत पंधरावा असलेला स्वीडनचा क्लास लेस्टांडर सुवर्णपदक घेऊन गेला, कारण त्याच्या वीसपैकी वीस गोळ्या लक्ष्यावर लागल्या आणि इतरांना प्रत्येक चुकीमागे दोन मिनिटे मोजावी लागली. यावरून धावणे कमी केले तरी चालेल, असा सोयीचा अर्थ काढू नकोस. आपल्या खेळात चुकीला वेगळा दंड नाही. दिवा लागेपर्यंत तिथे उभे राहणे हाच दंड आहे. एका फेरीत दोन सेकंद कमी करायला तुला सारा पावसाळा लागला, आणि तेच दोन सेकंद तू एका चुकलेल्या शॉटवर घालवतेस.

तेव्हा उद्यापासून सकाळची रेंज बंद. आधी चारशे मीटर स्पर्धेच्या वेगाने धावायचे. टेबलाच्या पन्नास मीटर अलीकडे वेग किंचित उतरवून दोन दीर्घ उच्छ्वास सोडायचे, आणि मगच पिस्तुलाला हात लावायचा. पहिल्या शॉटला तीन सेकंद जास्त लागले तरी चालतील. शॉट चुकला, तर पिस्तूल टेबलापर्यंत पूर्ण खाली आण, एक श्वास घे, मग उचल. चुकीची भरपाई वेगाने करायला जाऊ नकोस. मी तेच केले होते. पाऊस असेल त्या दिवशी घराचा जिना दहा वेळा चढ-उतर आणि भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर ड्राय फायरिंग, म्हणजे शॉट न सोडता नुसता नेम धरून ट्रिगर दाबण्याचा सराव, कर. धाप मात्र हवीच.

पहिले दोन आठवडे दिवे लागणार नाहीत, तुला रडू येईल आणि तू मला पुन्हा मुठीविषयी लिहिशील. तेव्हाही माझे उत्तर हेच असेल.

रविवारी मैदानावर ये आणि वही घेऊन ये. तिच्यात नुसते ‘पाचपैकी पाच’ लिहिलेले मला नको; किती सेकंदांत, आणि त्याआधी किती धावलीस, ते प्रत्येक ओळीपुढे लिहिलेले असू दे.

तुझा,
सर