संगणक-शंका : तक्त्यातील शेवटचीच ओळ का उरते?

प्रश्न : कळमना, काटोल आणि नरखेड येथील संत्र्यांच्या भावांचा तक्ता मी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) ठेवला आहे. त्यात बाजार, बहार (फळांचा हंगाम), तारीख आणि दर असे चार स्तंभ आहेत. पायथॉनमध्ये बाजार, त्यात बहार, त्यात तारीख अशी एकात एक डिक्शनरी (नावावरून त्यापुढची नोंद शोधून देणारी रचना) करायला गेले, तर प्रत्येक बाजाराची फक्त शेवटची ओळ उरते. असे का होते?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : तुमच्या लूपमध्ये, म्हणजे एकेक ओळ वाचणाऱ्या आवर्तनात, दर ओळीला बाजाराच्या नावावर नवी, रिकामी डिक्शनरी ठेवली जात असावी, त्यामुळे काटोलची दुसरी ओळ येताच पहिलीने भरलेले सगळे पुसले जाते आणि पायथॉन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ‘सेटडिफॉल्ट’ ही मेथड वापरा. बाजाराचे नाव आधीच असेल तर ती जुनीच डिक्शनरी हाती देते, नसेल तरच नवी ठेवते. हाती आलेल्या डिक्शनरीवर बहारासाठी पुन्हा तीच मेथड लावावी. ‘डिफॉल्टडिक्ट’ या, नसलेल्या नावाला आपोआप कप्पा देणाऱ्या डिक्शनरीनेही हे साधते, पण त्यात चौकोनी कंसात चुकून ‘कटोल’ लिहून नुसता भाव विचारला, तरी त्या नावाचा रिकामा कप्पा निमूटपणे तयार होतो. म्हणून मला सेटडिफॉल्ट बरे वाटते.

एवढ्याने मात्र भागणार नाही. एकाच दिवशी एकाच बाजारात मालाच्या प्रतीनुसार अनेक सौदे होतात, तेव्हा तारखेपुढे थेट दर लिहिला तर नंतरचा सौदा आधीच्याला झाकून टाकील. बाजार, बहार आणि तारीख मिळून तुमच्या तक्त्यातील ओळ एकमेव ठरत नाही, हे कोड लिहिण्यापूर्वीच पाहायला हवे होते. तारखेपुढे लिस्ट (यादी) ठेवा आणि प्रत्येक दर तिच्यात ‘अपेंड’ करा, म्हणजे शेवटी जोडा.

सीएसव्हीतून वाचलेला दर मजकूर असतो, संख्या नव्हे; तो न बदलता सर्वांत मोठा दर काढला, तर ९०० हा ३००० पेक्षा मोठा ठरतो. फाइल एक्सेलमधून यूटीएफ-८ स्वरूपात साठवली असेल आणि समोर दिसत असूनही ‘बाजार’ या पहिल्याच स्तंभावर कीएरर (हे नाव सापडत नाही अशी चूक) येत असेल, तर फाइलच्या आरंभी असलेले अदृश्य चिन्ह त्या नावाला चिकटलेले असते. उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) ‘यूटीएफ-८-सिग’ द्यावे.

स्तरांचा क्रम तुम्ही काय विचारणार यावरून ठरवा. काटोलच्या मृग बहाराचा भाव कसा चढला हे पाहायचे असेल तर सध्याचा क्रम योग्य आहे; एकाच दिवशीचे तिन्ही बाजार शेजारी मांडायचे असतील तर तारीख सर्वांत बाहेर घ्यावी.