मॅटलॅबचं ‘इफ’ : एरर नाही, तरी उत्तर चुकीचं

प्रश्न : मॅटलॅब या गणिती प्रोग्रॅमिंग भाषेत एक्स = [४ -९ १६] या अ‍ॅरेतल्या (संख्यांच्या यादीतल्या) धन संख्यांचं वर्गमूळ आणि बाकीच्यांच्या जागी शून्य हवं होतं. म्हणून ‘इफ एक्स > ०’ लिहून ‘एल्स’मध्ये वाय = ० ठेवलं. तीन उत्तरांऐवजी एकच शून्य आलं. का?

उत्तर : ‘इफ’ एकेका घटकाकडे वेगळं पाहत नाही, पूर्ण अ‍ॅरेसाठी एकदाच निर्णय घेतं. ‘एक्स > ०’मधून [१ ० १] तयार होतं (१ म्हणजे खरं, ० म्हणजे खोटं), आणि सगळेच्या सगळे घटक शून्येतर असले तरच अट खरी ठरते. मधलं शून्य आडवं आलं. (अ‍ॅरे रिकामा असेल तरीही अट खोटीच.) इथे ‘इफ’ नकोच, लूपही नको :

वाय = झीरोज(साइझ(एक्स));
के = एक्स > ०;
वाय(के) = एसक्यूआरटी(एक्स(के));

आधी सगळीकडे शून्य, मग जिथे ‘के’ खरं तिथेच वर्गमूळ. उत्तर [२ ० ४]. पूर्ण अ‍ॅरेवर मिळून एकच निर्णय हवा असेल, तर ‘ऑल’ (सगळे खरे) किंवा ‘एनी’ (एखादा तरी खरा) स्पष्ट लिहा. मॅट्रिक्सवर ‘एनी’ मात्र फसवतं. ते प्रत्येक स्तंभाचं वेगळं उत्तर देतं आणि मग ‘इफ’ ती सगळी खरी असण्याची मागणी करतं. म्हणजे ‘कुठेही एक’चा अर्थ गुपचूप ‘प्रत्येक स्तंभात एक’ होतो. ‘कुठेही एक’ हवं असेल, तर ए या मॅट्रिक्ससाठी एनी(ए(:)) लिहायचं; (:) सगळे घटक एकाच स्तंभात आणतं.

प्रश्न : ‘इफ ० < एक्स < १०’ ही अट एक्स ५० असतानाही खरी कशी?

उत्तर : गणिताच्या वहीत हे चालतं, इथे नाही. तुलना डावीकडून होते : ० < ५० याचं उत्तर १, मग १ < १० खरं. एक्स -५ असेल तर आधी ०, मग ० < १०, पुन्हा खरंच! ‘० < एक्स && एक्स < १०’ असं लिहा. && च्या दोन्ही बाजूंना एकच मूल्य लागतं; अ‍ॅरे असेल तर एकेरी & वापरा.

प्रश्न : ०.१ + ०.२ == ०.३ खोटं का येतं?

उत्तर : हे तीनही अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. दोन बाजूंत सुमारे ५.५५ × १०⁻¹⁷ इतका फरक उरतो आणि == ला तेवढा पुरतो. त्याऐवजी एबीएस(ए - बी) < टॉल अशी अट घाला; टॉल म्हणजे चालून जाईल इतका फरक. टॉल म्हणून सरसकट ‘एप्स’ टाकण्याची सवय मात्र वाईट. ते २.२२ × १०⁻¹⁶ आहे, म्हणजे १ पासून पुढच्या संख्येपर्यंतचं अंतर. १०,००० च्या आसपास लगतच्या दोन संख्यांतच १.८ × १०⁻¹² चं अंतर असतं; तिथे ‘एप्स’ लावणं म्हणजे पुन्हा == लिहिणंच.